पेटीतली घडी कोणती? जुनं मनगटी घड्याळ ओळखायला बसताना

आमच्याकडे, म्हणजे आर्वी-पुलगावच्या पट्ट्यात, घड्याळाला घडी म्हणतात. पुण्याकडच्या माणसाला घडी म्हटलं की इस्त्रीचे कपडे आठवतात. आमच्याकडे कपड्याचीही घडीच आणि मनगटावरचीही घडीच, आणि आजवर कुणाचा गोंधळ झालेला नाही. ती दुरुस्त करतो तो घडीसाज. एस.टी. स्टँडच्या बाजूला काचेच्या एवढ्याशा पेटीमागे, डोळ्याला भिंग चिकटवून बसलेला. आता तालुक्याला एखादाच उरला आहे. अशाच एका काकाजींच्या पेटीशेजारी मी शाळा सुटल्यावर स्टूल टाकून बसतो, त्याला दहा-बारा वर्षं झाली. खाली जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं त्या स्टुलावरचं आहे.

घरातलं म्हातारं माणूस गेलं, किंवा दिवाळीत पत्र्याची पेटी उघडली, की सातबाराचे उतारे, कापसाच्या चुकाऱ्याच्या पावत्या आणि तळाशी रुमालात गुंडाळलेली घडी निघते. मग लोक ती घेऊन येतात. पहिला प्रश्न 'ही कोणती हाय?' आणि श्वास घ्यायच्या आत दुसरा, 'किती येतीन हिचे?' दुसऱ्याचं उत्तर पहिल्याशिवाय देता येत नाही, आणि पहिल्याचं उत्तर डायलवर लिहिलेलं असतं असं समजू नका. डायलवरचं नाव सगळ्यांत आधी दिसतं, पण विश्वास त्याच्यावर सगळ्यांत शेवटी ठेवायचा.

हात लावण्याआधी

चावी भरू नका. घडी बंद असली की प्रत्येकाचा हात आधी चावीकडे जातो, आणि नुकसान तिथेच होतं. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पत्र्याच्या पेटीत तीस उन्हाळे काढलेल्या मशीनमधलं तेल एकतर वाळून गेलेलं असतं, नाहीतर गोंदासारखं घट्ट झालेलं असतं. तशीच चालवली तर चाकांचे बारीक आस कोरडेच घासतात. दोन-तीन हलके वेढे देऊन जीव आहे का एवढं बघायला हरकत नाही. पूर्ण भरणं, तळहातावर आपटणं, कानाजवळ जोरात हलवणं, हे सगळं बंद.

काच टूथपेस्टने घासू नका, केस, म्हणजे घडीचं धातूचं कवच, लिंबाने उजळू नका. मागच्या झाकणावरची पुसट अक्षरं हाच तुमचा पुरावा आहे, आणि चकचकीत करण्याच्या नादात तो जातो.

अजून एक, आणि हे गमतीत घेऊ नका. साधारण १९६० च्या आधीच्या बऱ्याच घड्यांचे आकडे अंधारात चमकायचे ते रेडियममुळे. चमक केव्हाच विझलेली असते, कारण तिच्यातलं चमकणारं रसायन थकतं. रेडियम मात्र तिथेच असतं, त्याचं प्रमाण अर्ध्यावर यायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. काट्यांवर किंवा आकड्यांवर करपट तपकिरी लेप दिसला, तर तो नखाने खरवडायचा नाही, त्याची भुकटी फुंकायची नाही, आणि ती घडी घरी उघडायची नाही. काचेखाली बंद आहे तोवर ठीक आहे.

पहिली पायरी: आधी घरच्यांना विचारा

घडी कुणाची, कुठून आली, लग्नातली की नोकरीतली? १९६० ते ८० च्या दरम्यान आमच्याकडे जावयाला सायकल, रेडिओ आणि घडी देण्याची रीत होती, त्यामुळे लग्नाचं साल कळलं की निम्मं काम होतं. लग्नाच्या फोटोत नवरदेवाचं मनगट बघा. तो पट्टा आणि तो आकार हाच आहे का? पुलगावच्या दारूगोळा भांडारात किंवा फौजेत असलेल्या माणसाची घडी असेल तर शोधाची दिशा बदलते. वेस्ट एंड वॉच कंपनीची सोवार प्रायमासारखी घडी अशा घरांतून निघते. ही कंपनी मुंबई-कलकत्त्याला घड्या विकायची, त्या बनायच्या स्वित्झर्लंडला.

घरच्या गोष्टीला काही सालांची कुंपणं घालून घ्या. एच.एम.टी.चा घड्याळाचा कारखाना बेंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये सुरू झाला. त्यामुळे 'आजोबाला १९५५ ला मिळालेली एच.एम.टी.' असं कुणी सांगितलं तर साल तरी चुकलंय किंवा घडी तरी दुसरी आहे. हैदराबादच्या ऑल्विनने जपानच्या सैकोशी हातमिळवणी करून घड्या काढल्या त्या १९८० च्या दशकात. टायटनच्या घड्या बाजारात आल्या १९८७ ला. आणि सेलवर चालणारी क्वार्ट्झ मनगटी घडी जगातच पहिल्यांदा विकायला आली ती डिसेंबर १९६९ मध्ये, सैकोची. तेव्हा पेटीतली घडी क्वार्ट्झ निघाली तर ती १९६९ च्या आधीची नाही.

दुसरी पायरी: कान आणि सेकंदकाटा

सेकंदकाटा सेकंदाला एक उडी मारत असेल तर सेलची. सरकत गेल्यासारखा फिरत असेल तर चावीची किंवा ऑटोमॅटिक. घडी हळूच तिरपी केल्यावर आत काहीतरी गोल फिरल्यासारखं जाणवलं तर ऑटोमॅटिक, कारण आत अर्धगोल वजन असतं. मनगट हललं की ते फिरतं आणि कमान, म्हणजे घडी चालवणारी स्प्रिंग, भरतं. चावीची जुनी घडी बहुतेक वेळा सेकंदाला पाच ठोके देते, तासाला १८,०००. मोबाइलवर आवाज टेपून मोजता येतो. यावरून मॉडेल कळत नाही, पण मशीनचं घराणं थोडं आवळता येतं.

तिसरी पायरी: डायल वाचा, पण संशयाने

भिंग लागेल. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं ते मोठं गोल भिंग नको, घडीसाज डोळ्याला लावतात ते घ्या. ते महाग नसतं.

कंपनीचं नाव सोडा, आधी सहाच्या आकड्याखाली अगदी काठाला बघा. तिथे 'स्विस मेड', 'जपान' किंवा 'मेड इन इंडिया' असं काहीतरी मुंगीएवढ्या अक्षरात असतं. 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी असेल तर चमकीचा लेप रेडियमचा नाही, ट्रिटियमचा आहे, म्हणजे घडी १९६० च्या दशकातली किंवा नंतरची. सैकोच्या डायलवर त्याच काठाला मशीनचा नंबर आणि डायलचा नंबर छापलेला असतो.

एच.एम.टी. असेल तर काम सोपं, कारण मॉडेलचं नाव बहुतेकदा डायलवरच असतं: जनता, सोना, पायलट, जवाहर, कोहिनूर, तरुण. ऑटोमॅटिकमध्ये कांचन, रजत. काहींवर नाव देवनागरीत आहे, काहींवर आकडेही देवनागरी. अगदी सुरुवातीच्या काही डायलवर सिटिझन आणि एच.एम.टी. ही दोन्ही नावं दिसतात. अशी निघाली तर जपून ठेवा.

आता संशयाबद्दल. जुन्या घड्यांच्या बाजारात डायल पुन्हा रंगवणं हा मोठा धंदा आहे. जुना डायल खरवडतात, झगझगीत रंग मारतात, वर नाव छापतात. मी स्वतः फसलो आहे. नागपूरच्या एका फुटपाथवर नारिंगी डायलची एच.एम.टी. ₹१,८०० ला घेतली आणि 'असा रंग कुणाकडेच नाही' म्हणत मिरवत काकाजींकडे आणली. त्यांनी भिंगातून पाहिली, काही बोलले नाहीत, झाकण उघडून डायल बाहेर काढला आणि उलटा करून माझ्यासमोर धरला. डायलच्या पाठीला दोन बारीक तांब्याचे पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. इथे दोन्ही पाय कापलेले आणि त्या जागी पिवळट गोंदाचे दोन थेंब.

"असा रंग कोणाजवळच नसन," काकाजी म्हणाले. "कंपनीजवळ बी नव्हता."

तेव्हापासून डायल बघताना माझी नजर ठरलेल्या जागी जाते. अक्षरांच्या कडा. कारखान्याची छपाई भिंगाखाली धारदार दिसते, रंगवलेल्याची शाई पसरलेली. मिनिटांच्या रेघा. त्या एका बाजूला सरकलेल्या, किंवा तारखेच्या खिडकीत घुसलेल्या असतात. तळाचं 'स्विस मेड' गायब तरी असतं किंवा वाकडं. काट्यांवरची चमकी हिरवी आणि आकड्यांवरची पांढरी असेल तर दोन्ही एका वेळची नाहीत. आणि साठ वर्षांच्या केसमध्ये काल छापल्यासारखा कोरा डायल दिसला की आनंदाच्या आधी शंका यायला हवी. खरा जुना डायल थोडा डागाळलेलाच असतो. आमच्या घरच्या घडीवर तर दहाच्या आकड्याजवळ हळदीचा डाग आहे. तो आतपर्यंत कसा गेला देव जाणे.

चौथी पायरी: मागचं झाकण, बाहेरून

पट्टा काढा. केसची रुंदी चावी सोडून मोजा, पट्टा बसतो त्या दोन शिंगांमधलं अंतर मोजा, लिहून ठेवा. मग झाकणावरचे आकडे आणि अक्षरं जशीच्या तशी उतरवा. अर्थ नंतर लावू. मळामुळे दिसत नसेल तर टॉर्च आडवी धरा, सावलीत अक्षरं उठून येतात.

फ्रेंच शब्द बघून घाबरू नका, आणि तेच मॉडेलचं नाव समजू नका. 'आसिए इनॉक्सिदाब्ल' म्हणजे स्टेनलेस स्टील. त्याच्या आधी 'फाँ' जोडलेलं असेल तर फक्त झाकण स्टीलचं, बाकी केस मुलामा दिलेली साधी धातू. '२० मायक्रॉन' म्हणजे सोन्याच्या मुलाम्याची जाडी. 'ब्रेव्हे' म्हणजे पेटंट. एक काका आठवडाभर 'इन्काब्लॉक कंपनीची घडी' शोधत होते. ते धक्क्यापासून वाचवणाऱ्या व्यवस्थेचं नाव आहे, शेकडो कंपन्यांच्या घड्यांत सापडतं. एच.एम.टी.वरचं 'पॅराशॉक' तसंच, ते सिटिझनकडून आलेलं.

जपानी घड्या इथे उत्तर हातात ठेवतात. सैकोच्या झाकणावर ६११९-८०८३ असे दोन तुकडे असतात. पहिला मशीनचा, दुसरा केसचा. दोन्ही मिळून तुमचं मॉडेल, शोधायला एवढंच टाका. शेजारी वेगळा सीरियल नंबर असतो. त्याचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा, आणि दुसरा महिना: १ ते ९, मग ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. सीरियल १ आणि एनने सुरू होत असेल तर नोव्हेंबर, पण १९७१ की १९८१? तिथे मशीनचा नंबर कामी येतो. ६११९ ही मशीन साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या दशकात बनायची, म्हणून १९७१. सिटिझनमध्येही सीरियलचा पहिला आकडा सालाचा, पुढचे दोन महिन्याचे.

स्विस घड्यांत असा एकच नियम नाही. मोठ्या कंपन्यांचे सीरियल नंबर सालाशी जुळवता येतात, पण आपल्याकडे आलेल्या बहुतेक घड्या रोमर, कॅमी, हेन्री सँडोज, फेव्हर-ल्यूबा अशा. फेव्हर-ल्यूबा तर एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत दुकान थाटून होती, म्हणून ती विदर्भाच्या खेड्यातल्या पेटीतूनही निघते. सी चीफ, सी किंग ही नावं डायलवर असतात, आणि खूण म्हणून वाळूच्या घड्याळाची आकृती. नाव पुसलेलं असेल तर पुढे जावंच लागतं.

पाचवी पायरी: झाकण उघडणं, म्हणजे उघडवून घेणं

पहिल्या दहा घड्या स्वतः उघडू नका. झाकणाचे प्रकार असतात. काहींना काठावर नखाएवढी फट असते, ती दाबून बसवलेली. काहींना सहा खाचा असतात, ती आट्यांची. काहींना मागून उघडायला काहीच नसतं, मशीन काच काढून समोरून निघते. तिसऱ्या प्रकाराला पहिला समजून सुरी घातलेल्या घड्या मी पाहिल्या आहेत. एकीत अडकित्त्याची टोकं उमटलेली होती. आणि उघडणं सोपं, बसवताना हाताने जोर लावला की काच तडकते किंवा चावीचा दांडा वाकतो. घडीसाजाला पन्नास-शंभर रुपये द्या, आणि त्याच्या शेजारी बसून बघा.

झाकण उघडल्यावर आधी त्याची आतली बाजू वाचा. केस बनवणाऱ्याचा शिक्का असतो, आणि सुईने कोरलेले बारीक आकडे असतात, ते आधीच्या घडीसाजांनी दुरुस्तीच्या वेळी टाकलेले. कधी त्यात तारीख असते. '३-७२' असं कोरलेलं असेल तर घडी मार्च १९७२ ला दुरुस्तीला आली असण्याचा संभव आहे, म्हणजे बनली त्याआधी. हा पुरावा कच्चा आहे, पण फुकट आहे.

सहावी पायरी: मशीन

इथे वेळ द्या. घाई बाकी सगळीकडे चालेल.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे निराशा होणार नाही. हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये पाच व्यापाऱ्यांच्या गाठी बांधल्या जातात. कापूस त्याच शिवारातला, प्रेस तोच, फक्त गाठीवर मार्का ज्याचा त्याचा. स्विस घड्याळांचंही असंच होतं. ए. शील्ड, ईटीए, एफ.एच.एफ., युनिटास, फेल्सा हे कारखाने कच्च्या मशीन बनवायचे, आणि शेकडो कंपन्या त्या घेऊन आपल्या केसमध्ये, आपल्या नावाच्या डायलखाली बसवायच्या. म्हणून दोन वेगळ्या नावांच्या घड्यांत एकच मशीन निघणं ही भेसळ नाही, धंद्याची रीत होती. फेव्हर-ल्यूबासारख्या काहींनी स्वतःच्या मशीनही बनवल्या.

मशीनवर दोन प्रकारचं लिखाण असतं. वरच्या पट्ट्यांवर मोठ्या अक्षरात घड्याळ कंपनीचं नाव आणि '१७ ज्वेल', हे सहज दिसतं. कामाचं लिखाण लपलेलं असतं. मागे-पुढे झुलणारं बॅलन्स व्हील दिसतं ना, त्याच्या खाली, तळाच्या पत्र्यावर. तिथे ढालीत 'ए.एस.', किंवा 'ईटीए' किंवा 'एफ.एच.एफ.' आणि बाजूला आकडे. चाक झुलत असेल तर काही दिसत नाही, थांबलेलं असताना आऱ्यांमधून टॉर्च मारून बघा. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून चार-पाच कोनांतून फोटो घ्या. डोळ्याला न दिसलेला आकडा मला दोनदा फोटोत सापडला आहे.

'१७ ज्वेल' वाचून हुरळू नका. ती घर्षण कमी करणारी कृत्रिम माणकं असतात, त्या काळच्या चांगल्या चावीच्या घडीत सतरा असायचीच. त्यांना सोनार काही देत नाही, विचारून झालं आहे.

शिक्काच नसेल तर मशीनचा व्यास मोजा. स्विस लोक तो लीन्य या जुन्या मापात सांगतात, एक लीन्य म्हणजे सुमारे २.२६ मिलिमीटर. २६ मिलिमीटरच्या आसपास आला तर साडेअकरा लीन्य. व्यास, पट्ट्यांचे आकार आणि सेकंदकाटा मध्ये की खाली, एवढ्यावर फोटोंशी ताडून बघता येतं. तरी नाही जमलं तर डायल काढून चावीच्या दांड्याजवळची खटक्याची चपटी स्प्रिंग बघतात. चावी ओढल्यावर दांडा त्या जागी टिकून राहतो तो हिच्यामुळे. प्रत्येक मशीनमध्ये तिचा आकार निराळा असतो, माणसाच्या कानासारखा. घडीसाज पूर्वीपासून याच आकारावरून मशीन ओळखत आले आहेत.

चावीच्या एच.एम.टी.मध्ये बहुतेकदा ०२३१ ही सतरा ज्वेलची मशीन निघते. मग जनता असो की पायलट, आत घराणं एकच. अशा वेळी मॉडेल ठरतं ते केस आणि डायल मिळून.

सातवी पायरी: तिन्ही साक्षी समोरासमोर

डायल काय म्हणतो, केस काय म्हणते, मशीन काय म्हणते, हे वहीत लिहा आणि ताडून पाहा. गेल्या पावसाळ्यात धामणगावकडून एक बाई सासऱ्यांची फेव्हर-ल्यूबा घेऊन आल्या. डायलवर 'ट्विन पॉवर' असं लिहिलेलं. ट्विन पॉवर म्हणजे आत कमानीच्या दोन डब्या, एकीऐवजी. काकाजींनी उघडली तर डबी एकच, आणि बॅलन्सखाली दुसऱ्याच कारखान्याची ढाल. केस खरी, डायल खरा, सासऱ्यांचं नावही झाकणावर कोरलेलं. मशीन तेवढी कधीतरी, कुठल्यातरी दुरुस्तीत, आतून निघून गेलेली. बाई म्हणाल्या, "पण मामाजी तर मरेपर्यंत हेच घालत होते." घालतच असतील. त्यांनी कशाला उघडून पाहिली असेल?

तिन्ही साक्षी जुळल्या तर शोधताना आधी मशीनचा नंबर टाका, मग कंपनी, मग केसचं माप आणि डायलचा रंग. उलट्या क्रमाने शोधलं तर विकणाऱ्यांचे फोटो येतात आणि त्यांत रंगवलेल्या घड्याच जास्त. नेमकं नाव मिळालंच नाही तरी चालतं. कितीतरी स्विस घड्यांना कंपनीने कधी नावच दिलं नव्हतं, नुसता केसचा नंबर. तेव्हा 'रोमर, चावीची, अमुक मशीन, स्टीलचं झाकण, साधारण साठचं दशक' ही पूर्ण ओळख आहे. ती चिठ्ठीवर लिहून घडीच्या डबीत ठेवा, म्हणजे नातवाला पुन्हा पहिल्या पायरीपासून यावं लागणार नाही.

मग सर्व्हिसिंगला द्यायची असेल तर खुशाल द्या, पण झाकण उघडून मशीनचा, तिच्यावरच्या नंबरसकट फोटो काढून घेतल्याशिवाय कुठल्याही दुकानात रात्रभर सोडू नका. धामणगावच्या बाईंनंतर काकाजी हे गिऱ्हाइकाला स्वतःच सांगतात. घडी उघडतात, पेटीवरचा दिवा तिच्याकडे वळवतात आणि हात बाजूला घेतात.

"काढ फोटो पहिले. उद्या म्हणशीन, बुढ्यानं मशीन बदलली."